हाक आणि कान

टायटॅनिक जहाजाची गोष्ट आपण वर्गात सांगतो तेव्हा तिचा शेवट बहुधा असा असतो : जहाजावर बिनतारी संदेशयंत्र होते, म्हणून निदान सातशे माणसे तरी वाचली. हे खरेच आहे. पण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगितली तर ती अधिक शिकवून जाते. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकवर ५ किलोवॅट शक्तीचा प्रक्षेपक होता. त्या काळच्या जहाजांवरील सर्वांत शक्तिशाली यंत्रांपैकी तो एक. त्याची हाक शेकडो किलोमीटरवर ऐकू गेली. मात्र त्याच परिसरात बर्फात थांबलेल्या कॅलिफोर्नियन या जहाजाला ती ऐकू गेली नाही. त्या जहाजावर यंत्र होते, ते सुस्थितीत होते, ते चालवणारा माणूसही होता. तो फक्त झोपलेला होता.

माणसांचा जीव ज्यावर अवलंबून आहे अशा संदेशवहनासाठी काय काय लागते? दूरवर पोचणारे यंत्र लागते, हे उघड आहे. पण तेवढ्याने भागत नाही, हे कळायला माणसाला बरीच वर्षे लागली आणि बरेच प्राण मोजावे लागले. तो इतिहास आपण थोडक्यात पाहू.

पहिली हाक

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळ गुडविन सँड्स नावाचे वाळूचे उथळ पट्टे आहेत. जहाजे तिथे रुतत, म्हणून धोक्याची सूचना देणारी एक दीपनौका जवळच नांगरून ठेवलेली असे. मार्कोनीने १८९८ च्या अखेरीस तिच्यावर बिनतारी यंत्र बसवले आणि किनाऱ्यावरील साउथ फोरलँड दीपगृहाशी तिचा संपर्क जोडून दिला. मार्च १८९९ मध्ये एक जहाज त्या वाळूत रुतले. दीपनौकेने संदेश पाठवला आणि किनाऱ्यावरून मदत निघाली. पुढच्याच महिन्यात दाट धुक्यात एक जहाज खुद्द दीपनौकेवर आदळले आणि तिला स्वतःसाठी मदत मागावी लागली.

या दोन्ही वेळी हाक यशस्वी झाली. याचे एक कारण असे, की हाक कोणाला मारायची आणि ती कोण ऐकणार हे आधीच ठरलेले होते. उघड्या समुद्रावर असे काहीच ठरलेले नसते.

ज्याचे यंत्र, त्याचेच संदेश

सुरुवातीच्या काळात मार्कोनीची कंपनी जहाजांना यंत्र विकत नसे. यंत्र आणि ते चालवणारा आपला नोकर, दोन्ही भाड्याने देई. इतर बनावटीच्या यंत्रांवरून आलेले संदेश या चालकांनी घेऊ नयेत, असा कंपनीचा दंडक होता. १९०२ मध्ये जर्मन सम्राटाचा भाऊ प्रिन्स हाइनरिश अमेरिकेहून परतत असताना त्याने जहाजावरून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना संदेश पाठवायचा प्रयत्न केला. जहाजावरील यंत्र जर्मन बनावटीचे होते, तेव्हा मार्कोनी केंद्राने दाद दिली नाही. प्रकरण आभाराच्या संदेशाचे होते, म्हणून निभावले. बुडत्या जहाजाच्या बाबतीत असे झाले असते तर?

या प्रश्नातूनच १९०३ आणि १९०६ साली बर्लिनला आंतरराष्ट्रीय परिषदा भरल्या. यंत्र कोणत्याही बनावटीचे असो, जहाजे आणि किनाऱ्यावरील केंद्रे यांनी एकमेकांचे संदेश घेतले पाहिजेत, असे १९०६ मध्ये ठरले. जहाजांसाठी ३०० आणि ६०० मीटर या तरंगलांबी मुक्रर झाल्या. (प्रकाशाच्या वेगाला ६०० मीटरने भागले की ५०० किलोहर्ट्झ ही वारंवारता मिळते. हा आकडा पुढे नव्वदहून अधिक वर्षे समुद्रावर राज्य करणार होता.) संकटाची खूणही एकच ठरली : तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे.

हीच ती प्रसिद्ध ‘एस-ओ-एस’. ‘आमचे प्राण वाचवा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत असे अनेक पुस्तकांत छापलेले असते, पण तो अर्थ मागाहून चिकटवलेला आहे. ही नऊ चिन्हे मध्ये न थांबता सलग पाठवली जातात. गोंगाटातही चटकन ओळखू येतात आणि दुसऱ्या कशाशी त्यांची गल्लत होत नाही, एवढाच त्यांचा गुण. मार्कोनी कंपनीची ‘सी-क्यू-डी’ ही जुनी खूणही काही वर्षे सोबत चालू राहिली.

अंधारातले विजेरी संच

२३ जानेवारी १९०९ च्या पहाटे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत, धुक्यात, रिपब्लिक आणि फ्लोरिडा या दोन जहाजांची टक्कर झाली. रिपब्लिकच्या यंत्रघरात पाणी शिरले आणि जनित्र बंद पडले. जॅक बिन्स या तरुण चालकाच्या खोलीची एक बाजू फुटली होती. त्याने अंधारात चाचपडत राखीव विजेरी संच शोधून जोडले. त्यावर यंत्राचा आवाज क्षीण होता, पण नॅन्टकेट बेटावरील केंद्रापर्यंत पोचण्याइतका होता. त्या केंद्राने आपल्या मोठ्या यंत्रावरून तीच हाक पुन्हा सगळीकडे पाठवली. बाल्टिक हे जहाज धुक्यात बराच वेळ शोध घेत अखेर तिथे पोचले. दोन्ही जहाजांवरील मिळून सुमारे दीड हजार माणसे वाचली.

या घटनेने बिनतारी यंत्राचे नाव घरोघरी पोचवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला : ५० किंवा अधिक माणसे नेणाऱ्या जहाजावर किमान १०० मैल पोचणारे यंत्र आणि ते चालवणारा कुशल माणूस हवा. पण त्या माणसाने केव्हा ऐकत बसायचे, याबद्दल कायदा काहीच बोलत नव्हता.

पाच मिनिटांचा फरक

टायटॅनिकच्या रात्री कॅलिफोर्नियनचा एकमेव चालक सकाळपासून कामावर होता. रात्री अकराच्या सुमारास त्याने टायटॅनिकला बर्फाची वार्ता द्यायचा प्रयत्न केला. त्या वेळी टायटॅनिकचा चालक दूरच्या केप रेस केंद्राशी प्रवाशांच्या खाजगी तारांची देवाणघेवाण करत होता. जवळच्या जहाजाचा संदेश त्याच्या कानात इतक्या मोठ्याने घुसला, की केप रेसचा मंद आवाज बुडाला. त्याने वैतागून ‘गप्प बस’ असे कळवले. कॅलिफोर्नियनच्या चालकाने थोडा वेळ ऐकले आणि साडेअकरानंतर यंत्र बंद करून तो झोपी गेला. ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळले.

इथे थोडे विज्ञान पाहिले पाहिजे. तेव्हाचे प्रक्षेपक ठिणगीवर चालत. ताटावर चमचा आपटल्यावर जसा अनेक सुरांचा मिळून एक खणखणाट होतो आणि विरतो, तशी प्रत्येक ठिणगी वारंवारतेच्या रुंद पट्ट्यावर विरत जाणाऱ्या लहरी फेकते. त्यामुळे जवळची दोन जहाजे एकाच वेळी बोलू लागली की एकमेकांचे बोलणे बुडवत. गंमत अशी, की संकटात हाच दोष गुण ठरतो, कारण ग्राही यंत्र नेमके त्या तरंगलांबीवर लावलेले नसले तरी हाक ऐकू येते. १९१२ च्या अमेरिकी कायद्यात तर संकटातील जहाजाने इतरांना जास्तीत जास्त व्यत्यय येईल अशा रीतीने प्रक्षेपक जुळवायला मुभा होती!

मध्यरात्रीनंतर टायटॅनिकची हाक सुरू झाली. सुमारे ९० किलोमीटरवरच्या कार्पेथियाचा चालकही एकटाच होता आणि झोपायच्या तयारीत होता, पण श्रवणयंत्र अजून कानावर होते. म्हणून कार्पेथिया निघाले. ते पोचेपर्यंत पहाटेचे चार वाजत आले होते. टायटॅनिक २ वाजून २० मिनिटांनीच बुडाले होते. सुमारे दीड हजार माणसे गेली. कॅलिफोर्नियन नेमके किती अंतरावर होते यावर आजही वाद आहे. ते कार्पेथियापेक्षा कितीतरी जवळ होते, याबद्दल मात्र वाद नाही. त्यावरील अधिकाऱ्यांनी आकाशात अग्निबाण पाहिले होते. चालकाला उठवावे असे कोणाला वाटले नाही.

ऐकणे हे कर्तव्य

पुढच्या काही महिन्यांतच नियम बदलले. अमेरिकेने प्रवासी जहाजांवर दोन चालक, अहोरात्र पहारा आणि मुख्य जनित्रावर अवलंबून नसलेली, किमान चार तास पुरणारी वीज बंधनकारक केली. १९१४ च्या लंडनमधील सागरी सुरक्षा करारातही अखंड ऐकण्याचे तत्त्व आले, पण महायुद्धामुळे तो करार त्या वेळी लागू होऊ शकला नाही.

लहान मालवाहू जहाजांना तीन पाळ्यांत चालक ठेवणे परवडत नसे. त्यावर तोडगा म्हणून यांत्रिक कान आला. संकटाच्या हाकेआधी चार सेकंदांची एक अशा बारा रेघा, मध्ये एकेक सेकंद थांबून पाठवायच्या. एकूण एक मिनिट. नेहमीच्या तारेतली रेघ सेकंदाच्या अंशाइतकीच असते आणि विजांचा खरखराट इतका नेमका नसतो. म्हणून चार सेकंदांच्या रेघा लागोपाठ नीट मोजल्या गेल्या, की यंत्र चालकाच्या झोपायच्या खोलीत घंटा वाजवी. यंत्राचा वीजपुरवठा खंडित झाला तरीही घंटा वाजावी, अशी योजना होती. कान बहिरा झाला तर ते कळले पाहिजे, हा त्यातला शहाणपणा.

त्याबरोबरच शांततेचा नियम आला. दर तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर सर्वांनी बोलणे थांबवून फक्त ऐकायचे. जहाजाच्या बिनतारी खोलीतील घड्याळाच्या तबकडीवर हे दोन भाग तांबड्या रंगाने रंगवलेले असत. क्षीण आवाजालाही तासातून दोनदा वाट मोकळी मिळावी, यासाठी ही व्यवस्था. तिला एका पैशाचे यंत्र लागत नव्हते, फक्त सर्वांचा शब्द लागत होता.

आकाशातला कान

१ फेब्रुवारी १९९९ पासून मोठ्या जहाजांसाठी नवी जागतिक संकट-संदेश व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि टिंब-रेघांचा पहारा संपला. आता हाक जवळच्या जहाजांबरोबरच थेट किनाऱ्यावरील बचाव केंद्राकडे जाते.

तिचा एक भाग म्हणजे ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारा तरंगता संकटदीप. जहाज बुडाले की पाण्याच्या दाबाने तो सुटतो, वर येतो आणि थोड्या थोड्या वेळाने आपला सांकेतिक क्रमांक उपग्रहाकडे पाठवतो. अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स या शीतयुद्धात दोन बाजूंना असलेल्या देशांनी मिळून १९७९ मध्ये ही योजना आखली आणि १९८२ मध्ये तिने पहिले प्राण वाचवले. खालच्या कक्षेतील उपग्रह जवळ येताना त्याला संकेताची वारंवारता वाढलेली आणि दूर जाताना घटलेली भासते. डॉप्लर परिणामाचा हा फरक जास्तीत जास्त ९ किलोहर्ट्झच्या आसपास असतो, आणि त्याच्या आलेखावरून दीपाचे ठिकाण काढता येते. आगगाडीच्या शिट्टीचे उदाहरण देऊन झाले, की हे उदाहरण जरूर द्यावे. भारतही या योजनेत आहे. बंगळूरु आणि लखनौ येथे तिची ग्राही केंद्रे आहेत.

लहान नौकांचे काय?

हे सारे नियम मोठ्या जहाजांचे. आपल्या किनाऱ्यावरचा मच्छीमार बहुधा अतिउच्च वारंवारतेच्या संचावर किंवा मोबाइलवर विसंबतो. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, म्हणून पृथ्वीची वक्रता आड येते. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१ ने गुणले, की पल्ला किलोमीटरमध्ये मिळतो. नौकेवरील ४ मीटर उंच अँटेनाचा पल्ला सुमारे ८ किलोमीटर, किनाऱ्यावरील १०० मीटर मनोऱ्याचा ४१. दोन्ही मिळून ४९. मासे मात्र ५० व्या किलोमीटरवर संपत नाहीत.

नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ आले तेव्हा केरळ-तमिळनाडूचे अनेक मच्छीमार आधीच खोल समुद्रात होते. इशारा त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. शेकडो मरण पावले किंवा बेपत्ता झाले. काही नौका वाट काढत थेट आपल्या देवगडच्या बंदरात आल्या.

इस्रोने मच्छीमारांसाठी बनवलेले संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरात आहे. कळ दाबली की उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला कळते. पण हाक पोचली की नाही, हे नौकेवरच्या माणसाला समजायला मार्ग नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या सुधारित यंत्रात ती सोय झाली : पोच परत येते आणि वादळाचा इशाराही किनाऱ्यावरून नौकेकडे जाऊ शकतो. दीपनौकेपासून सुरू झालेली ही वाट सव्वाशे वर्षांनी लहानातल्या लहान नौकेपर्यंत येऊ लागली आहे.

विद्यार्थ्यांना या इतिहासावरून चार प्रश्न देता येतील. हाक कोठे मारायची हे सर्वांचे ठरले आहे का? ती ऐकायला कोणी सतत जागे आहे का? मुख्य वीज गेली तर काय चालते? आणि हाक पोचली हे हाक मारणाऱ्याला कळते का? हेच प्रश्न त्यांनी शाळेतील आगीच्या घंटेला, गावातील पुराच्या भोंग्याला आणि रुग्णवाहिकेच्या दूरध्वनीला लावून पाहावेत, आणि जिथे उत्तर ‘नाही’ येईल ते ठिकाण वहीत नोंदवून संबंधितांना दाखवावे.