बेसबॉलचं छावणीतलं कूळ

ऑटो बॉटिकर हा न्यूयॉर्कचा चित्रकार. अमेरिकेत १८६१ साली उत्तर आणि दक्षिण राज्यांमध्ये यादवी पेटली तेव्हा तो उत्तरेच्या फौजेत कॅप्टन झाला, पुढच्याच वर्षी शत्रूच्या हाती सापडला आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या सॅलिसबरीच्या तुरुंगात जाऊन पडला. तिथल्या त्याच्या चित्राचा शिळाछाप १८६३ मध्ये निघाला. विषय युद्धकैद्यांचा, पण बेड्या, उपासमार असलं त्यात काही दिसत नाही. मोठं आवार, झाडं, जुनी कापडगिरणी आणि मधोमध रंगात आलेला बेसबॉलचा सामना. भोवती बघ्यांची गर्दी.

चित्रात थोडी साखर पेरलेली असणारच, पण ते बनावट नाही. ऱ्होड आयलंडच्या पलटणीतल्या विल्यम क्रॉस्ली या सार्जंटने याच तुरुंगातल्या मे १८६२ मधल्या सामन्याची नोंद करून ठेवली आहे. कैदी ठिकठिकाणच्या तुरुंगांतून आणलेले, म्हणून एक संघ न्यू ऑर्लिन्सवाल्यांचा आणि दुसरा टस्कलूसावाल्यांचा. माणसं आपल्या गावाच्या नावाने खेळतात. हे आधीच्या तुरुंगाच्या नावाने खेळले! पहाऱ्यावरच्या दक्षिणी शिपायांनीही सामन्याची तेवढीच मजा लुटली, असं तो सांगतो. पुढे १८६४ च्या अखेरीस याच आवारात दहा हजारांच्या आसपास माणसं कोंबली गेली आणि हजारोंनी मेली. तेव्हा खेळायला ना जागा उरली होती, ना अंगात त्राण.

आता हे लोक बेसबॉल खेळत होते म्हणजे नक्की काय खेळत होते? कारण त्या काळी बेसबॉल एक नव्हता. मॅसॅच्युसेट्सच्या खेळात मैदानाला हद्द नव्हती, चेंडू मागे गेला तरी पळायचं. एक गडी बाद झाला की अख्खा डाव संपायचा आणि आधी शंभर धावा करील तो जिंकायचा. सगळ्यात गंमत म्हणजे पळणाऱ्याला चेंडू फेकून मारला की तो बाद. आपल्या आबाधुबीत पाठीवर चेंडू बसला की जो आवाज येतो, तो ज्याने ऐकलाय त्याला हा खेळ समजावून सांगायची गरज नाही. त्यामुळे तिथला चेंडू हलका आणि मऊ असे. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये लिहून काढलेल्या नियमांत मात्र माणसाला चेंडू मारायला मनाई होती. साहजिकच चेंडू टणक झाला, लांब जाऊ लागला. बाजूच्या रेषा आल्या, तीन गडी बाद झाल्यावर डाव संपू लागला, आणि १८५७ मध्ये नऊ डाव आणि पळताना गाठायच्या दोन तळांमधलं (बेसमधलं) नव्वद फूट अंतर ठरलं.

युद्ध सुरू झाल्यावर हे सगळे प्रकार एकाच छावणीत येऊन पडले. छावणीतलं आयुष्य म्हणजे लढाई कमी आणि वाट बघणं जास्त. कवायत, पहारा, चिखल, पुन्हा कवायत. त्या युद्धात गोळीने मेले त्याच्या जवळजवळ दुप्पट माणसं हगवण, विषमज्वर अशा रोगांनी गेली. म्हणून शिपायांना मैदानी खेळ खेळू द्यावेत, असं आरोग्याची पाहणी करणाऱ्यांचंही सांगणं होतं. १८६३ च्या वसंतात व्हर्जिनियात रॅपहॅनॉक नदीकाठी उत्तरेची फौज महिनोन्‌महिने तळ ठोकून होती, तेव्हा पलटणी-पलटणींचे सामने होऊ लागले. सामान काय, तर हाताला लागेल ते. कुंपणाचं लाकूड किंवा झाडाची फांदी तासून बॅट करायची. अक्रोडावर नाहीतर खड्यावर सूत गुंडाळत न्यायचं, वर चामड्याचा तुकडा शिवायचा, की झाला चेंडू.

उत्तरेच्या फौजेत सगळ्यात जास्त माणसं न्यूयॉर्क राज्याची. त्यांचेच नियम वरचढ ठरले यात नवल नाही, आणि युद्धानंतर काही वर्षांत मॅसॅच्युसेट्सचा खेळ जवळपास दिसेनासा झाला. पण ‘युद्धानेच बेसबॉल देशभर नेला’ हे जे सर्रास सांगितलं जातं, ते मला अर्धंच खरं वाटतं. दक्षिणेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये युद्धाच्या आधीपासून क्लब होते. उलट पोरं सैन्यात गेल्याने गावोगावचे क्लब ओस पडले होते. तरी परत आलेल्या शिपायांनी खेळ पेरला हेही तितकंच खरं. इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या मुलांना जखमी होऊन घरी आलेल्या एका शिपायाने बेसबॉल शिकवला. त्या मुलांतला अल्बर्ट स्पाल्डिंग पुढे नावाजलेला खेळाडू आणि क्रीडासाहित्याचा बडा कारखानदार झाला. ही हकिगत त्याचीच. होरेस विल्सन हा असाच एक माजी शिपाई. शिक्षक म्हणून टोकियोत गेला आणि १८७२ च्या सुमारास त्याने जपानी विद्यार्थ्यांच्या हातात बॅट दिली.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. स्पाल्डिंगने बेसबॉलचं शोधायला घेतलं. इंग्लंडात जन्मलेले क्रीडापत्रकार हेन्री चॅडविक म्हणत, हा खेळ इंग्रजी राउंडर्समधून आला. स्पाल्डिंगला ते झोंबलं. १९०५ मध्ये त्याने समिती नेमवली, अध्यक्ष ए. जी. मिल्स. हा मिल्स स्वतः युद्धातला शिपाई. १८६२ च्या नाताळात हिल्टन हेड बेटावर फौजेचा जो सामना झाला त्यात तो खेळला होता. त्या सामन्याला चाळीस हजार प्रेक्षक होते असं स्पाल्डिंगच्या १९११ च्या पुस्तकात आहे. मला हा आकडा पचत नाही. समितीने १९०७ च्या अखेरीस निकाल दिला: बेसबॉल १८३९ मध्ये कूपर्सटाउन गावी ॲबनर डबलडे याने शोधला. पुरावा एका म्हाताऱ्या खाण-अभियंत्याच्या पत्राचा, आणि हे गृहस्थ १८३९ मध्ये पाच वर्षांचे होते. डबलडे त्या साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होता. १८३९ च्याही आधी, १७७८ मध्ये, स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या फौजेच्या व्हॅली फोर्जच्या छावणीतला एक शिपाई आपण ‘बेस’ खेळल्याचं रोजनिशीत लिहून गेला आहे.

मग डबलडेच का? तो होता उत्तरेचा जनरल. युद्धाच्या पहिल्याच चकमकीत, फोर्ट समटरला, उत्तरेची पहिली तोफ त्याने डागली. गेटिसबर्गला पहिल्या दिवशी एक अख्खी कोअर सांभाळली. मिल्सची आणि त्याची माजी सैनिकांच्या संघटनेतली ओळख. राष्ट्रीय खेळाला असा बाप कोणाला नको असेल? कूपर्सटाउनला १९३९ मध्ये बेसबॉलचं मोठं संग्रहालय उघडलं, ते याच निकालाच्या जोरावर.

डबलडेने युद्धावर पुस्तकं लिहिली, पण बेसबॉल शोधल्याचा दावा कधी केला नाही. खेळाशी त्याचा संबंध दाखवणारा एक सरकारी कागद मात्र आहे. १८७१ मध्ये तो टेक्ससमध्ये कृष्णवर्णीय शिपायांच्या पलटणीचा कर्नल होता. त्या शिपायांच्या करमणुकीसाठी बेसबॉलचं सामान विकत घेऊ द्यावं, असा तो अर्ज आहे.