मिटता मथळा आणि संगणकीय लेखनातील रचनाविचार

मथळ्याशेजारील खुणेवर क्लिक करताच त्याखालील मजकूर मिटावा व पुन्हा उलगडावा, ही सोय मायक्रोसॉफ्ट वर्डच्या २०१३ च्या आवृत्तीत आली. तिच्यामागील विचार मात्र बराच जुना आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत जी संगणकप्रणाली सादर केली, तीत प्रत्येक विधानास श्रेणीबद्ध स्थान असे, आणि त्यांपैकी किती स्तर पडद्यावर दिसावेत हे वाचकास ठरविता येई. बाजारहाटाची एक साधी यादीही त्यांनी अशीच मिटवून व उलगडून दाखविली. मिटण्याचा आधार अक्षरांचा ठळकपणा नव्हता. मजकुराचे रचनेतील स्थान हा होता.

हाच विवेक छपाईच्या क्षेत्रात स्वतंत्रपणे उदयास आला. मजकुराचा आशय व त्याची मांडणी ही परस्परांपासून वेगळी ठेवावीत, असा विचार विल्यम टनिक्लिफ यांनी १९६७ मध्ये मांडला. आणि १९६९ मध्ये आयबीएममधील गोल्डफार्ब, मोशर व लोरी यांनी मजकुराच्या प्रत्येक घटकाचे कार्य नोंदविणाऱ्या खूणभाषेचे काम हाती घेतले. याउलट झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात १९७४ च्या सुमारास सिद्ध झालेल्या ब्राव्होचा भर, छापील पृष्ठ जसे दिसेल तसेच ते पडद्यावर दाखविण्यावर होता. ब्राव्होच्या कर्त्यांपैकी चार्ल्स सिमोनी हे १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. १९८३ मध्ये वर्ड प्रसिद्ध झाले.

वर्डमधील ‘स्टाइल’ या योजनेत हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. ‘हेडिंग १’ ही केवळ अक्षरांची मांडणी नसून ती स्तराची नोंदही आहे. म्हणूनच अशा मथळ्याखालचा मजकूर मिटतो आणि अनुक्रमणिका आपोआप तयार होते. नुसती ठळक केलेली ओळ वाचकास मथळा वाटली, तरी यंत्राच्या लेखी ती परिच्छेदच राहते.

स्वयंचलित मांडणीचा मार्ग मात्र उलट दिशेचा आहे. ओळीच्या आरंभी तारांकन दिसले की ती यादी समजावी, ‘१.’ दिसले की अनुक्रमांक पुढे चालवावेत, अशा रीतीने ती बाह्य चिन्हावरून लेखकाच्या हेतूचे अनुमान करते. अनुमान चुकू शकते. वर्षाच्या अंकाने आरंभ होणारे वाक्यही यादीत जाऊन पडते. प्रबंधलेखकाच्या दृष्टीने या इतिहासाचे मर्म येथेच आहे: रचना सांगण्याचे काम लेखकाने सोडले, की ते यंत्राच्या तर्काकडे जाते.