पनवेलची मोटारसायकल आणि घाटाची वाट

पनवेलमध्ये पहिली मोटारसायकल कोणी आणली, हा प्रश्न मला गौण वाटतो. घराघरांत पहिली मोटारसायकल कशामुळे आली, हा इतिहासाचा खरा प्रश्न आहे.

गाडीआधी रस्ता यावा लागतो. १८३० मध्ये बोरघाट चाकांच्या वाहनांना खुला झाला. मुंबईचे प्रवासी होडीने पनवेल बंदरात उतरत आणि तिथून पुण्याची वाट धरत.

मोटारसायकल मात्र बराच काळ मूठभरांचीच राहिली. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्डची जुळणी सुरू झाली. पुढे म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत आली. तरी परवाना राज्यात उत्पादनावर मर्यादा होती. बजाजच्या स्कूटरसाठी तर वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. तिचे शंभर सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन पेट्रोल कमी पीत असे, त्यामुळे पगारदारालाही गाडी परवडू लागली. तोवर सिडकोची नवी मुंबई उभी राहत होती आणि कामाला जाण्याचे अंतर वाढले होते.

२००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग कळंबोलीहून निघतो. त्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणून पहिली गाडी घेतलेला तरुण आजही जुन्याच रस्त्याने, चौक-खोपोली करत, शिंग्रोबाच्या देवळापाशी येतो. दंतकथेनुसार साहेबाला घाटाची वाट दाखवणारा धनगर तो हाच. वाट त्याची, नाव साहेबाचे.

मोटारसायकलचेही तसेच झाले. कंपन्यांचा इतिहास छापला जातो, चालवणाऱ्यांचा नाही. तो जुन्या आरसी बुकांत आहे. सातबारा जपता, तशी तीही जपा.