माझ्या अक्षरातला राजीनामा

आपली तुकडी 1960 च्या अकरावीची. स्मरणिकेसाठी गमतीजमती लिहून पाठवा, असा निरोप आला. पण मला आठवते ते थोडे वेगळे आहे.

आमचे घर खोतांचे. कोकणातली खोती संपवण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. 1938 च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चाही तिथे धडकला. कायदा झाला तो मात्र 1949 साली. "खोती गेली, जमीन थोडीच गेली," असे आमचे आजोबा म्हणत, आणि खळ्यावर भात मोजायला पायली आमचीच असे.

खरा हादरा कुळकायद्याचा. 1948 च्या कायद्यात 1956 साली दुरुस्ती झाली. 1 एप्रिल 1957 पासून कसणारे कूळ मालक ठरणार होते. किंमत साध्या कुळाला आकाराच्या 20 ते 200 पट. ओटीवर रोज खलबते चालत. कुळाने त्याआधी राजीनामा दिला तर जमीन आपल्याकडे राखता येईल, अशी ती वाट होती.

आपण तेव्हा आठवीत होतो. माझ्या बाकावर आमच्याच कुळाचा मुलगा बसायचा. आमच्या घरी आला की तो अंगणातच उभा राही. वर्गात मात्र माझी गणिते तोच सोडवून द्यायचा. (सरांना हे ठाऊक होते, असे आता वाटते.)

मार्चमधल्या एका संध्याकाळी वडिलांनी मला हाक मारली. "तुझं अक्षर चांगलं आहे, लिही." मी लिहिले : जमीन स्वखुशीने सोडत आहे. मित्राचे वडील पायरीवर बसले होते. कागद हाती घेऊन ते म्हणाले, "पोरगा सांगतो, धाकल्या खोतांचं अक्षर छापल्यावाणी." मग अंगठा उठवला. पुढे मामलेदारांनी राजीनामा पडताळला, तेव्हाही ते "होय" म्हणाले.

स्वखुशीने हा शब्द खोटा आहे, हे मला लिहितानाच कळत होते. तेरा वर्षांच्या मुलाला एवढे कळते. वडील वाईट नव्हते, भ्यालेले होते. पण त्या अक्षराला त्याच वर्षी शाळेचे बक्षीस मिळाले, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत तोही होता.

नववीत तो शाळा सोडून मुंबईला गिरणीत गेला. म्हणून अकरावीच्या फोटोत तो नाही आणि संमेलनाच्या यादीतही नव्हता. आता मी त्याचे नाव घालायला लावले आहे. त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आज माझे नाव आहे, आणि त्याबद्दल मला त्याच्याशीच बोलायचे आहे. कोणाकडे त्याचा पत्ता असेल तर कृपया कळवा.