पाणबुड्याचा पोशाख

दुसऱ्या महायुद्धातील पाणबुडे अंग कोरडे ठेवणारा रबरी पोशाख घालीत. तो फाटला की गार पाणी आत शिरून जीव धोक्यात येई. १९५१ च्या सुमारास बर्कले येथील पदार्थविज्ञानवेत्ते ह्यू ब्रॅडनर यांनी निराळा विचार मांडला : अंग भिजले तरी चालेल, ऊब टिकली पाहिजे. वायूचे सूक्ष्म बुडबुडे असलेले निओप्रीन नावाचे कृत्रिम रबर ती टिकविते आणि आत आलेले थोडे पाणी अंगच्या उष्णतेने कोमट होते. परंतु पोशाख सैल असेल, तर प्रत्येक हालचालीसरशी हे पाणी निघून जाऊन गार पाणी आत येते. फार घट्ट असेल, तर श्वास कोंडतो. म्हणून या शोधाच्या इतिहासात पदार्थविज्ञानाइतकेच महत्त्व आम्ही शिंप्याच्या मापाला देतो.