हॉर्सेन्सचा कत्तलखाना आणि इंग्रजांची न्याहारी

सहकाराच्या इतिहासात डेन्मार्कचे नाव आले की आपल्याकडे दूध आणि लोणी यांवरच बोलणे थांबते. डुकराचा उल्लेख टाळण्यामागे संकोच असावा. वस्तुतः त्या देशाच्या शेतीने केलेले सर्वांत धाडसी वळण डुकराच्या पाठीवरूनच गेले, असे आम्हांस वाटते.

1864 च्या युद्धात श्लेस्विग-होलस्टाइन हातचे गेले. पुढल्या दशकात अमेरिका आणि रशिया येथील स्वस्त धान्य युरोपात उतरू लागले आणि डॅनिश गव्हाचा भाव कोसळला. जर्मनी व फ्रान्स यांनी आयातीवर जकाती बसवल्या. डेन्मार्कने तसे केले नाही. स्वस्त धान्य जनावरांस चारावे आणि लोणी-मांस विकावे, असा त्यांचा हिशेब होता. पहिली सहकारी डेअरी 1882 मध्ये येदिंग या खेड्यात निघाली. मलई काढल्यावर उरलेले दूध डुकरांना जाई. म्हणजे डुक्कर हे लोण्याचेच जोडउत्पन्न.

1887 च्या अखेरीस जर्मनीने रोगाचे कारण देऊन जिवंत डुकरांची आयात बंद केली. त्याच डिसेंबरात हॉर्सेन्स येथे पहिला सहकारी कत्तलखाना सुरू झाला. त्यामुळे एकातून दुसरे निघाले, अशी सोपी कथा सांगितली जाते. ती पुरी खरी नव्हे. कत्तलखान्याची इमारत चार आठवड्यांत उभी राहत नाही. शेतकऱ्यांची जुळवाजुळव बंदीच्या आधीचीच होती. खाजगी व्यापाऱ्यांच्या दरावर ते आधीच नाखूश होते. बंदीने त्यांना घाई मात्र लावली.

या संस्थांचे नियम कडक होते. कर्जाला सभासदांची सामायिक हमी. ठरावीक वर्षे आपली सारी डुकरे तेथेच घालण्याचे बंधन, चुकल्यास दंड. मतदान मात्र माणशी एक, मग गोठ्यात जनावरे कितीही असोत. प्रवरेकाठी 1950 च्या सुमारास साखर कारखाना उभारणाऱ्यांना ऊस बाहेर जाऊ नये म्हणून जी यातायात करावी लागली, तिच्याशी हे ताडून पाहण्याजोगे आहे.

गिऱ्हाईक एकच : इंग्लंड. इंग्रजाच्या न्याहारीला बेकन लागे, आणि तेही लांब अंगाचे, कमी चरबीचे. तेव्हा डुक्करच बदलले गेले. देशी लँडरेसचा यॉर्कशायरशी संकर झाला, शुद्ध लँडरेसची निवड शास्त्रीय चाचण्यांनी होऊ लागली. एस्ब्यर्गचे बंदर तर 1868 च्या कायद्याने इंग्लंडच्या व्यापारासाठीच बांधले गेले. मालावर प्राचीन रणशिंगाचा, ‘लूर’चा, शिक्का आला. निर्यातवृद्धी म्हणजे जाहिरात, अशी आपली समजूत असते. येथे शिक्का शेवटी आला, शिस्त आधी.

एकाच गिऱ्हाइकाची किंमतही मोजावी लागली. 1931 च्या सुमारास डुकरांची संख्या पन्नास लाखांवर गेली होती. 1932 मध्ये ओटावा परिषदेत ब्रिटनने साम्राज्यांतर्गत व्यापाराला झुकते माप दिले आणि डॅनिश बेकनच्या कोट्यास कात्री लागली. 1933 पासून डेन्मार्कमध्ये ‘डुक्कर-कार्डे’ निघाली : कार्डावर जितकी नोंद, तितक्यांनाच पुरा भाव, बाकीच्यांना पडेल तो. मुक्त व्यापारावर वाढलेल्या शेतकऱ्याने आपल्याच गोठ्यातील डुकरे कागदावर मोजून घ्यावीत, हा दैवदुर्विलासच. ज्यांच्याकडे कार्डे कमी, त्या लहानांचे हाल अधिक झाले असणार.

1973 मध्ये ब्रिटनबरोबरच डेन्मार्क युरोपीय समुदायात गेला. पुढे जपान, चीन ही गिऱ्हाइके जोडली गेली. गावोगावच्या संस्था एकमेकींत विलीन होत 1998 मध्ये ‘डॅनिश क्राउन’ हा प्रचंड सहकारी उद्योग झाला. 2024 मध्ये त्याने रिंगस्टेडचा मोठा कत्तलखाना बंद केला; बाराशेच्या आसपास कामगार घरी गेले. कापण्यास पुरेशी डुकरेच येईनाशी झाली होती. दरवर्षी एक कोटीहून अधिक पिले जिवंतच पोलंड आणि जर्मनीकडे विकली जातात. तेथे मजुरी स्वस्त पडते.