बलुत्यापासून इसारापर्यंत

आपल्या घरच्या लग्नासाठी आचारी कोणता ठरवावा, वाजंत्री कोठून आणावेत, मांडव कोणाकडून घालून घ्यावा आणि या सर्वांपैकी दिल्या शब्दाला जागणारा कोण निघेल, ही विवंचना वधूपित्याच्या कपाळी अनादिकालापासून लिहिलेली आहे असा आपला समज असतो. परंतु महाराष्ट्रातील खेड्यांचा जुना व्यवहार पाहिला असता असे आढळते की, ही विवंचना फार तर शंभर-सव्वाशे वर्षांची आहे, आणि त्यापूर्वीच्या यजमानाला काळजी असे ती माणूस निवडण्याची नव्हे, तर ज्यांना नाकारण्याचा अधिकारच त्याला नव्हता अशा माणसांचे हक्क यथासांग पोचते करण्याची.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या बलुतेदारीचे निर्भीड वर्णन आहे, तीच लग्नघराचीही यंत्रणा होती. लग्न ठरले की जोशी मुहूर्त काढी. सुतार मुहूर्तमेढ आणि पाट-चौरंग पाही. कुंभाराकडून बोहल्याच्या कोपऱ्यांवर रचावयाच्या रंगविलेल्या मडक्यांच्या उतरंडी येत. परीट पायघड्या घाली. गुरव पत्रावळी आणि द्रोण पुरवी. न्हावी हजामतीपासून रात्री दिवटी धरण्यापर्यंत पडेल ते काम करी. कोळी पाणी भरी. मांग दाराला तोरण बांधी आणि वाद्ये वाजवी. आणि जळाऊ लाकडे फोडण्यापासून परगावी निरोप पोचविण्यापर्यंतची सर्व कष्टाची कामे महाराच्या अंगावर पडत. यांपैकी कोणाशीही दर ठरवावा लागत नसे. त्यांचा मुख्य मोबदला सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे, आणि लग्नाच्या निमित्ताने त्यावर नारळ, खण, पागोटे, शिधा अशी जी भर पडे, ती कोणास किती द्यावयाची हे रूढीने आधीच कायम करून ठेवलेले असे. कुंभाराची मडकी गळकी निघाली म्हणून शेजारच्या गावचा कुंभार आणण्याची सोय नव्हती, कारण गावातील काम हे त्याचे वतन होते, आणि वतन म्हणजे जमिनीसारखीच वंशपरंपरेची मालमत्ता होती.

या व्यवस्थेत सरकारही आपला वाटा विसरत नसे. मराठी अमदानीत लग्नावर ‘लग्नटका’ आणि पुनर्विवाहावर ‘पाटदाम’ या नावाच्या पट्ट्या वसूल होत असत. गावात पहिला विडा आणि पहिला टिळा कोणाचा, या एका प्रश्नावरून पाटलांच्या दोन भाऊबंदांत लग्नाच्या भर मांडवात तंटा माजावा, तो गोतसभेपुढे जावा, साक्षीपुरावे होऊन महजर लिहिला जावा, आणि तेवढ्याने न भागल्यास पुढच्या पिढीने तो पुन्हा उकरून काढावा, असे प्रकार जुन्या कागदांत इतके आढळतात की, त्या काळी वधूवरांच्या सुखापेक्षा विड्याच्या क्रमालाच अधिक महत्त्व होते की काय, अशी शंका वाचणाऱ्यास यावी.

या सर्व हक्कांत जोशाचा हक्क सर्वांत चिवट ठरला. गावजोशाला डावलून दुसऱ्या भटजीकडून लग्न लावून घेतले, तरी दक्षिणा मात्र वतनदार जोशालाच भरून दिली पाहिजे, हे तत्त्व इंग्रजी अमलातील न्यायालयांनीही एकोणिसाव्या शतकात उचलून धरले. मग पुरोहित मुळीच न बोलावता लग्न लावले तर काय, असा पेच महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने उभा केला. समाजाची स्थापना १८७३ सालच्या सप्टेंबरात झाली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याच्या पद्धतीने पहिला विवाह पुण्यात लागला. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे पुढे अशाच एका लग्नावरून गावच्या जोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी दावा लावला, आणि ते प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर १९२६ साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने असे वंशपरंपरागत हक्क रद्द करणारा कायदा केला, आणि आपल्या घरचे लग्न कोणी लावावे हे ठरविण्याची मोकळीक यजमानाला कायद्याने मिळाली. माझ्या मते लग्नकार्यासाठी माणूस ‘ठरविण्याच्या’ आजच्या प्रथेचा खरा आरंभ मांडववाल्यापासून नव्हे, तर पुरोहितावरून झालेल्या या झगड्यापासून धरला पाहिजे.

जुन्या व्यवस्थेविषयी हळवे होणारांनी तिची दुसरी बाजू विसरू नये. ज्या कामाला ‘नाही’ म्हणता येत नाही, ते काम वतन म्हणविले तरी वेठच होय. लग्नघरी दिवसभर राबून पंगती उठल्यावर उरलेसुरले अन्न मागावयास यावे लागणे, हा ज्यांच्या वाट्याला आलेला ‘हक्क’ होता, त्यांनी तो झुगारून दिला यात नवल नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले, आणि कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा पुढे १९५९ सालच्या ऑगस्टपासून अमलात आला. तोवर पुष्कळ गावांत बलुत्याची वीण पैशाच्या व्यवहारानेच उसवलेली होती. कायद्याने उरलेले धागे तोडले.

शहरांतील गोष्ट निराळी होती. पुण्यास १७८३ साली सवाई माधवरावांचे लग्न झाले, त्याचा बंदोबस्त नाना फडणिसांनी केला. आणि कोणते काम कोणत्या कारभाऱ्याकडे, कोणा पाहुण्यास कोणी सामोरे जावे, पंगतीची देखरेख कोणी करावी, अत्तरगुलाब आणि विडे कोणाच्या हवाली असावेत, याची जी कलमवार तजवीज त्या प्रसंगी झाली, ती वाचताना मोहिमेवर निघालेल्या फौजेचीच व्यवस्था आपण वाचत आहो असा भास होतो. अर्थात हे दौलतीचे लग्न. परंतु काम वाटून द्यावे आणि प्रत्येकास त्याचा जबाबदार करावे, ही रीत सामान्य नागर कुटुंबातही होती. फरक इतकाच की तेथे कारभाऱ्यांच्या जागी मामा, आत्या, चुलते आणि शेजारी असत.

या घरगुती कारभारात कोठी सांभाळणाऱ्या नातलगाचे स्थान सर्वांत मानाचे आणि सर्वांत अप्रिय असे. पैसे देऊन बाहेरून आणलेला माणूस बहुधा एकच, तो म्हणजे आचारी. तो आठ-पंधरा दिवस आधी येऊन पाने किती, याचा अंदाज घेई, आणि बैठकीवर मांडी घालून तोंडाने यादी सांगू लागे: आंबेमोहोर एवढे मण, तूरडाळ एवढी, बुंदीसाठी चण्याच्या डाळीचे पीठ एवढे, साखर, गूळ, तूप, खोबरे, चिंच, वेलदोडे; आणि घरातील कोणी अक्षर बरे असलेला मुलगा ती लिहून घेई. सामान भुसारी पेठेतून आले की ते कोठीत पडे, आणि कोठीच्या किल्लीचा जानव्याशी किंवा कडदोऱ्याशी संबंध जुळलेला एखादा तिरसट काका दाराशी पाट टाकून बसे. परसात चर खणून चुलाणे पेटलेली, आचारी घामाने निथळत तुपाचा डबा मागत आहे, आणि काका ‘मघाशी नेलेत त्याचे काय झाले?’ असे विचारून मापानेच तूप काढून देत आहे, हा प्रसंग प्रत्येक लग्नात घडे. आचाऱ्याला सढळ हाताची हौस, कारण जेवणाची वाहवा झाली तर पुढच्या लग्नाचे बोलावणे त्याला यावयाचे. काकाला हिशेबाची चाड, कारण उरलेले सामान वाण्याला परत करावयाचे. या दोघांच्या ओढाताणीतून मसालेभातात काजू किती पडतील, हे ठरत असे. भांडी बहुधा भाड्याची नसत. गावकीची, देवळाची किंवा ज्ञातीची तांब्यापितळेची मोठी पातेली, घंगाळे आणि पराती, देणाऱ्याचे नाव कोरलेल्या, एका लग्नातून दुसऱ्या लग्नात जात, आणि परत करताना घासून, मोजून, नोंदवहीत नोंद करून द्याव्या लागत. पुण्याच्या तांबट आळीतील ठोक्यांच्या आवाजामागे अशा सामाईक भांड्यांची मागणीही होती.

मुहूर्ताचा कारभार छापखान्याने बदलला. गणपत कृष्णाजींनी १८४१ साली मराठी पंचांग छापून काढले, आणि जी माहिती जोशाच्या बस्त्यात असे ती विकत मिळू लागली. पूर्वी पाण्यावर तरंगणारे घटिकापात्र बुडण्याकडे डोळे लावून लग्नघटी साधीत. घटका म्हणजे चोवीस मिनिटे, आणि पळांचा हिशेब त्याहून सूक्ष्म. भिंतीवरचे घड्याळ आले आणि घंगाळातील पात्र शोभेपुरते उरले. परंतु लग्नाच्या धंद्यावर पंचांगाचा ताबा मात्र मुळीच सैल झाला नाही, उलट तो अधिक घट्ट बसला. कारण चातुर्मासात लग्ने नाहीत, पौषात बहुधा नाहीत, सिंहस्थात वर्ज्य, आणि तुळशीचे लग्न लागले की एकदम झुंबड, अशी जी वर्षाची विभागणी, तिच्यामुळे आचारी, वाढपी, वाजंत्री यांची सारी कमाई काही ठराविक तिथींवर एकवटली. एकाच तिथीला शहरात शेकडो लग्ने आणि आचारी मोजके, तेव्हा आगाऊ इसार देऊन माणूस बांधून ठेवणे भाग पडले. ‘काढीव मुहूर्ता’चा उदार शोध शास्त्राच्या अभ्यासातून लागला की जागा मिळत नसल्याच्या अडचणीतून, हे वाचकांनीच ठरवावे.

वाजंत्र्यांची कथा याहून रंजक आहे. सनई, संबळ, हलगी, ताशा ही गुरव, मांग, घडशी यांची परंपरागत वाद्ये. त्यांच्या शेजारी इंग्रजी पलटणींच्या बँडवरून उचललेली पितळी वाद्ये येऊन बसली. पुण्यास लष्कर आणि खडकी येथे छावण्या, त्यामुळे कर्णे आणि ढोल ऐकण्याची शहराला सवय होतीच. पुढे प्रभात, दरबार यांसारख्या बँडपथकांनी गणपतीची मिरवणूक आणि लग्नाची वरात दोन्ही गाजविल्या. बँडवाल्याला सुपारी द्यावयाची ती माणसे किती, कपडे कोणते आणि वरात किती वेळ, एवढे ठरवून. म्हणजे येथे संपूर्ण करार होता, आणि वाजवणाऱ्याला ‘या तारखेला जमणार नाही’ असे यजमानाच्या तोंडावर सांगता येत होते. ज्याच्या बापजाद्यांना ते सांगता येत नव्हते, त्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

सरकारी कायद्यांनीही या धंद्याला अधूनमधून धक्के दिले. मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा असल्याशिवाय लग्न करू नये, असा शारदा कायदा १९२९ साली संमत झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात यावयाचा होता. त्या तारखेच्या आत मुले उजवून टाकण्याची जी घाई देशभर उडाली, तिच्या खुणा १९३१ च्या खानेसुमारीतही दिसतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मुंबईस शिधावाटप सुरू झाले, आणि साखर-तांदळाची टंचाई व पाहुण्यांवरचे सरकारी निर्बंध यांमुळे तीन-तीन दिवस चालणाऱ्या लग्नसमारंभाचा संकोच झाला. एकदा झालेला हा संकोच टंचाई सरल्यावरही टिकला, कारण तो पुष्कळांना मनातून हवाच होता.

मंगल कार्यालयाचा उत्कर्ष या सर्वांच्या पाठीवर झाला. वाड्यांचे चौक गेले, चाळींत आणि खोल्यांत राहणाऱ्या माणसाला पाहुणे उतरवण्यास जागा उरली नाही, आणि रजा मोजून मिळू लागली. तेव्हा जागा, भांडी, आचारी, वाढपी, पाणी, पाट-रांगोळी हे सर्व एका छपराखाली देणारा माणूस देवासारखा भेटला. त्याने दर लावला तो पानावर, आणि त्या एका गोष्टीने कोठीवाल्या काकाचे पद खालसा झाले. आता तूप किती घातले हे कोणी विचारीत नाही, कारण ते ठेकेदाराचे आहे; उलट पाने किती उठली यावर वाद होतो, आणि सकाळी नऊला सनई चौघडा लावणारे कार्यालय चार वाजता दुसऱ्या मंडळींसाठी रिकामे करावे लागते, म्हणून घटिकापात्राचा धाक होता तसाच आता व्यवस्थापकाच्या घड्याळाचा आहे. माझा कौल विचाराल तर मी कार्यालयाच्या बाजूनेच देईन. घरच्या बायकांना चार-चार दिवस चुलीपुढे जाळणारे लग्न परत यावे असे मला वाटत नाही. मात्र निवडीचा अधिकार हाती आल्यावर तो वापरण्यासाठी लागणारे ज्ञान, आचाऱ्याची यादी वाचून त्यातले काय जास्त आहे हे ओळखणारी काकाची नजर, तेवढी आपण घालवून बसलो आहो.

ती नजर कागदावर मात्र शिल्लक आहे. देण्याघेण्याची याद, बैठकीवर ठरलेली कलमे, वाण्याची उधारी, आचाऱ्याचा इसार, वाजंत्र्यांची बिदागी, पाहुण्यांच्या अहेराची मांडणी, हे सर्व जुन्या घरांतून लग्नाच्या जमाखर्चाच्या स्वतंत्र वहीत लिहिले जाई. जुन्या वह्या मोडीत, नव्या बाळबोधीत. इतिहाससंशोधक राजवाडे यांच्या खटपटीने १९१० साली पुण्यास स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांनी सनदा आणि महजर जपले. परंतु सामान्य गृहस्थाच्या लग्नाची वही बहुधा माळ्यावरून थेट रद्दीत जाते. ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांना विनंती आहे की, ती विकण्यापूर्वी एखाद्या मोडी वाचणाऱ्यास दाखवावी, आणि ठेवावयास जागा नसेल तर जवळच्या दप्तरखान्यास किंवा संशोधन संस्थेस द्यावी.